गुलाब खा, पण नावं विसरू नका!

टेबलावरचा गुलाब कशासाठी असतो? शोभेसाठी? सेल्फीसाठी? फार तर गुलकंदासाठी! पण माहीत आहे का, इंग्लंडमध्ये एक अशी पायदळ रेजिमेंट होऊन गेली, जिच्या नव्या ऑफिसरला भर मेजवानीत गुलाब चावून खावा लागायचा. तोही शॅम्पेनमध्ये बुडवलेला. आणि हे सगळं कशासाठी? आपल्या आधी रणात पडलेल्या सोबत्यांच्या आठवणीसाठी!

या रेजिमेंटचं नाव लँकेशायर फ्युजिलिअर्स. जन्म १६८८, विलीनीकरण १९६८. म्हणजे तब्बल २८० वर्षांची इनिंग! घर कुठलं? मँचेस्टरजवळचं बरी हे शहर. नाव बरी, पण आपल्या शिपायांची आठवण जपण्यात एकदम भारी!

रेजिमेंट मिटून अर्धशतक उलटलं. तरी तिचे शिपाई आणि तिचे म्हातारे वीर आजही भेटतात. कुठे गुलाबात, कुठे दगडात, कुठे फुटबॉलच्या मैदानात. चला, एकेक किस्सा उचलू या!

दहा दुणे वीस

माहीत आहे का, लँकेशायरची ही शान मुळात लँकेशायरची नव्हतीच? ती उभी राहिली दक्षिणेला, डेव्हनमध्ये. सैन्यात तिची ओळख म्हणजे नुसता एक नंबर: विसावी पायदळ रेजिमेंट. रोमन आकड्यात वीस म्हणजे दोन दहा शेजारी शेजारी, म्हणून शिपायांनी लाडकं नाव ठेवलं ‘टू टेन्स’. लँकेशायरचं नाव तिला मिळालं थेट १८८१ मध्ये. तोवर १९३ वर्षं झाली होती!

ढोल वाजला आणि घोळ झाला

आता गुलाबाकडे येऊ. १ ऑगस्ट १७५९, जर्मनीतलं मिंडेन. समोर फ्रेंच घोडदळ. हुकूम असा होता की ढोल वाजला की पुढे सरका. पायदळानं ऐकलं, ढोल वाजवत पुढे सरका! झालं. सहा ब्रिटिश रेजिमेंट ढोल बडवत थेट घोडेस्वारांच्या अंगावर निघाल्या.

पायदळानं घोडदळावर चालून जायचं? त्या काळात हा शुद्ध वेडेपणा. पण वेड्यांनी लढाई जिंकली! वाटेत कुंपणांवरचे, बागांमधले गुलाब तोडून त्यांनी टोप्यांत खोचले, असं परंपरा सांगते. तेव्हापासून १ ऑगस्ट म्हणजे मिंडेन डे आणि टोपीत गुलाब.

किंमत मात्र जबर होती. एकट्या विसाव्या रेजिमेंटचे ३०० हून अधिक जण मेले किंवा जखमी झाले.

‘सुट्टी नको, साहेब!’

एवढं नुकसान बघून सेनापतीनं, म्हणजे ब्रुन्सविकच्या प्रिन्स फर्डिनांडनं, हुकूम काढला की या रेजिमेंटला आता ड्युटीतून मोकळीक. तुम्ही आम्ही काय केलं असतं? हुश्श करून आडवे झालो असतो! या पठ्ठ्यांनी काही दिवसांतच स्वतः मागणी करून ड्युटी परत घेतली. पुढे त्यांच्या बिल्ल्यावर लॉरेलच्या पानांची माळ झळकली, ती मिंडेनचीच.

गुलाब कसा खातात? घ्या रेसिपी!

मिंडेन डेची रात्र. ऑफिसर्स मेस झगमगलेली. गेल्या मिंडेन डेनंतर जो कोणी नवा ऑफिसर रेजिमेंटमध्ये आला असेल, त्याच्यापुढे बाऊल येतो. बाऊलमध्ये शॅम्पेन, शॅम्पेनमध्ये गुलाब. सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. तो गुलाब उचलतो, ओल्या पाकळ्या तोंडात कोंबतो, चावतो आणि गिळतो. टाळ्या, हशा, पाठीवर थाप!

आणि मग एकदम पिन ड्रॉप सायलेन्स. मिंडेनला पडलेल्यांच्या नावानं ग्लास उंचावतात, पण कुणी एक शब्द बोलत नाही. आधी धमाल, मग मौन. वीस-बावीस वर्षांच्या पोराला शेकडो वर्षांपूर्वीच्या मृतांशी ओळख करून देण्याची याहून झकास पद्धत सांगा पाहू!

एक तारीख, किती आठवणी!

१ ऑगस्ट आपल्याही कॅलेंडरवर ठळक आहेच. १९२० मध्ये याच तारखेला लोकमान्य टिळक गेले आणि त्याच वर्षी, त्याच तारखेला अण्णाभाऊ साठे जन्मले. तिकडे यॉर्कशायरवाल्यांनीही १९७५ पासून हाच दिवस ‘यॉर्कशायर डे’ म्हणून धरला, कारण त्यांची रेजिमेंटही मिंडेनला होती. त्यांचा गुलाब पांढरा. लँकेशायरवाल्यांच्या टोपीत लाल आणि फिकट पिवळा. जुने शेजारी, जुनी खुन्नस, पण आठवणीचा दिवस एकच!

शिकागोचा गुपचूप गुलाबवाला

माहीत आहे का, मिंडेनचे गुलाब अटलांटिक ओलांडूनही फुलले? अमेरिकेत शिकागोच्या ब्रिटिश कॉन्सुलेटमध्ये १ ऑगस्टला सहा लाल गुलाब यायचे. सहा रेजिमेंट, सहा गुलाब. पाठवणाऱ्याचं नाव? गुलदस्त्यात!

आरोळीसुद्धा आठवणीतली

५ नोव्हेंबर १८५४. क्रिमियामधलं इंकरमन. धुक्यात हात लांब केला तर दिसत नाही. अशात विसाव्या रेजिमेंटनं रशियनांवर धाव घेतली ती एक खास आरोळी ठोकत. तिचं नाव ‘मिंडेन यल’. जवळपास शंभर वर्षांपूर्वीच्या लढाईची हाक नातवंडांच्या गळ्यातून निघाली. व्हॉइस मेसेज म्हणतात तो हाच!

नेपोलियन आणि ‘बॅन’ झालेलं पुस्तक

जगातला सर्वांत फेमस कैदी कोण? नेपोलियन! सेंट हेलेना बेटावर त्याच्या शेवटच्या काळात पहाऱ्याला कोण होतं? विसावी रेजिमेंट! तिचे डॉक्टर आर्चिबाल्ड अर्नॉट हे आजारी सम्राटाला तपासायला जायचे. खूश होऊन नेपोलियननं रेजिमेंटच्या लायब्ररीला पुस्तकं भेट दिली. विषय तर बघा: फ्रेंचांना धूळ चारणाऱ्या इंग्रज सेनापतीचं, मार्लबरोचं चरित्र!

पण पुस्तकांवर सम्राटाची मुद्रा होती. ब्रिटिश सरकारच्या लेखी तो सम्राट नव्हताच. झाला राडा! पुस्तकं नाकारली गेली आणि ती स्वीकारणाऱ्या कॅप्टनला आपली नेमणूक गमवावी लागली. पुढे पुस्तकं रेजिमेंटकडे परत आली ती आलीच.

५ मे १८२१ ला नेपोलियन गेला. त्याची शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत विसाव्याचे ग्रेनेडियर होते. शत्रूलाही खांदा देणारी ही रेजिमेंट!

त्या कॅप्टनचं आडनाव ओळखा!

लटियन्स! होय, दिल्लीवाले लटियन्स. एंगलबर्ट लटियन्स हे सेंट हेलेनावरचे ते कॅप्टन. नवी दिल्लीचे शिल्पकार एडविन लटियन्स हे त्यांच्याच घराण्यातले. एडविनचे वडील चार्ल्ससुद्धा याच रेजिमेंटमध्ये ऑफिसर होते. पुढे त्यांनी सैन्य सोडून ब्रश धरला आणि चित्रकार झाले.

पहिल्या महायुद्धानंतर रेजिमेंटला स्मारक हवं होतं. आर्किटेक्ट कोण, यावर डोकं खाजवायची गरजच पडली नाही. घरचंच कार्य!

ज्या वर्षांत लटियन्स दिल्लीच्या इंडिया गेटवर काम करत होते, त्याच वर्षांत त्यांनी बरीचं स्मारक उभं केलं. दिल्लीत ४२ मीटरची कमान, बरीत सडपातळ दगडी स्तंभ. हात एकच. स्मारकाचं अनावरण झालं २५ एप्रिल १९२२ ला. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे!

वारा नाही, तरी झेंडा

बरीच्या स्मारकाजवळ जा आणि मान वर करा. पांढुरक्या पोर्टलंड दगडाचा उंच स्तंभ. वरच्या भागात रेजिमेंटचा बिल्ला कोरलेला. दोन्ही बाजूंना झेंडे लटकताहेत. घड्या खाली उतरल्यात, रंग खुलून दिसतोय. वाऱ्याची वाट बघा. हलणार नाहीत! दगडाचेच आहेत ते, रंगवलेले.

माहीत आहे का, लटियन्सना लंडनच्या सेनोटाफ या प्रसिद्ध युद्धस्मारकावरही असेच दगडी झेंडे हवे होते? तिथं नकार मिळाला आणि कापडी झेंडे लागले. बरीनं मात्र त्यांचा हट्ट पुरवला. कापड विरतं, दगड टिकतो!

हे स्मारक आज पहिल्या जागी नाही. आधी ते वेलिंग्टन बॅरॅक्सच्या दारात होतं. बॅरॅक्स बंद झाली. मग २००९ मध्ये फ्युजिलिअर म्युझियम शहरात नव्या जागी आलं आणि स्मारकही त्याच्या शेजारी आलं. बागेचं नाव गॅलिपोली गार्डन. अख्खा दगडी स्तंभ शिफ्ट केला, पण आठवणीची जागा रिकामी ठेवली नाही!

लिव्हरपूलचे फॅन्स, इकडे लक्ष द्या!

अ‍ॅनफिल्डचं ‘द कॉप’ हे स्टँड माहीत नाही असा फुटबॉलवेडा शोधून सापडणार नाही. पण ते नाव कुठून आलं, माहीत आहे का? एका डोंगरावरून! दक्षिण आफ्रिकेतली स्पियॉन कॉप ही टेकडी. २४ जानेवारी १९०० ला बोअर युद्धात तिथं भयंकर लढाई झाली. लँकेशायरच्या पोरांचा तिथं चुराडा झाला आणि त्यात लँकेशायर फ्युजिलिअर्सची दुसरी बटालियन होती.

१९०६ मध्ये लिव्हरपूलच्या मैदानात मातीचा उंच चढ उभा राहिला. स्थानिक क्रीडा पत्रकारानं सुचवलं, याला त्या टेकडीचं नाव द्या. आज हजारो फॅन्स तिथं गळा काढून गातात. किती जणांना ठाऊक असेल, की एका रणभूमीचं नाव आपण रोज घेतोय?

एकाच टेकडीवर किती व्हीआयपी!

स्पियॉन कॉपच्या त्या लढाईत कोण कोण होतं बघा. वार्ताहर आणि निरोप्या म्हणून धावपळ करणारा विन्स्टन चर्चिल. बोअर सैन्याचा म्होरक्या लुई बोथा, जो पुढे दक्षिण आफ्रिकेचा पंतप्रधान झाला. आणि जखमींचे स्ट्रेचर वाहणाऱ्या भारतीय अ‍ॅम्ब्युलन्स कोअरचे पुढारी? मोहनदास करमचंद गांधी! त्यांच्यासोबत सुमारे ११०० भारतीय होते. डोंगरावरून उतरवलेल्या रक्तबंबाळ शिपायांचं ओझं भारतीय खांद्यांनी वाहिलं.

टेकडी खडकाळ होती. खंदक जेमतेम खणला गेला. ब्रिटिश शिपाई ज्या उथळ खंदकात पडले, त्यातच त्यांना पुरलं. आजही ती लांबट कबर खंदकाच्या वळणानं जाते.

पीटर पॅनवाला शिल्पकार

या युद्धातल्या फ्युजिलिअर्सचे पुतळे बरी आणि सॅलफर्ड या दोन्ही गावांत आहेत. दोन्ही १९०५ चे, दोन्ही जॉर्ज फ्रॅम्प्टन यांचे. सॅलफर्डचा शिपाई टोपी उंचावून जयघोष करतोय. त्याचं अनावरण करायला खुद्द राजे सातवे एडवर्ड आले होते. लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समधला लाडका पीटर पॅन? फ्रॅम्प्टन! कोलकात्याच्या व्हिक्टोरिया मेमोरियलसमोरची राणी? तीसुद्धा फ्रॅम्प्टन! परीकथा, राणी आणि रणांगण, सगळं एकाच हातचं.

आणि हो, बोअर युद्धातल्या शौर्यासाठी रेजिमेंटला टोपीत लावायला फिकट पिवळा तुरा मिळाला. गुलाब वर्षातून एकदा, तुरा मात्र रोज!

ब्रेकफास्टच्या आधी सहा व्हिक्टोरिया क्रॉस!

आता ती तारीख. २५ एप्रिल १९१५, तुर्कस्तानातलं गॅलिपोली. पहाटे पहिली बटालियन होड्यांमधून एका छोट्या किनाऱ्याकडे निघाली. नकाशावर त्याचं नाव ‘डब्ल्यू बीच’. समोर कडे, कड्यांवर तुर्की बंदुका, पाण्याच्या काठाला काटेरी तारा. शिपाई पाण्यात उतरले तसे बुडाले, अडकले, पडले. जे वर आले त्यांच्या रायफलींत ओली वाळू घुसली, बोल्ट अडकले. गोळ्यांच्या पावसात पोरं वाळूवर पालथी पडून रायफली साफ करत होती!

हजारएक जण उतरले. निम्म्याहून अधिक मेले किंवा जखमी झाले. पण किनारा घेतला! त्या एका सकाळसाठी सहा व्हिक्टोरिया क्रॉस (व्हीसी), म्हणजे ब्रिटनची सर्वोच्च शौर्यपदकं मिळाली. ‘नाश्त्याआधी सहा व्हीसी’ हे वाक्य तेव्हापासून बरीच्या पोरापोरांना पाठ आहे. किनाऱ्याचंही बारसं झालं: लँकेशायर लँडिंग.

शौर्याचं मतदान

माहीत आहे का, व्हिक्टोरिया क्रॉसच्या नियमांत एक गंमत आहे? अख्खी तुकडीच शूर ठरली, तर पदक कुणाला द्यायचं हे शिपायांनीच ठरवायचं. लँकेशायर लँडिंगच्या वीरांना त्यांच्या सोबत्यांनी निवडलं. विलिस, रिचर्ड्स आणि केनिली यांची नावं १९१५ मध्ये जाहीर झाली. ब्रॉमली, स्टब्ज आणि ग्रिमशॉ यांना थांबावं लागलं ते थेट १९१७ पर्यंत.

तोवर काय झालं होतं? स्टब्ज त्याच दिवशी पडला होता. केनिली जूनमध्ये जखमांनी गेला, स्वतःचं पदक जाहीर होण्याआधीच. ब्रॉमली ऑगस्टमध्ये ‘रॉयल एडवर्ड’ या जहाजासोबत बुडाला. सहा क्रॉस, पण घालायला छात्या उरल्या तीनच.

काठीवाला विलिस

कॅप्टन रिचर्ड विलिस गोळीबारात हातातली काठी उंच धरून पोरांना पुढे बोलवत राहिला. नाव पडलं ‘वॉकिंग स्टिक विलिस’. पुढे काय झालं, ऐकून थबकाल. १९५७ मध्ये म्हाताऱ्या विलिसनं वर्तमानपत्रात जाहिरात दिली: व्हीसी मिळवलेल्या माणसाला शंभर पौंडांची तातडीनं गरज आहे.

मेलेल्यांना स्तंभ मिळतात, वाचलेल्यांनाही काहीतरी हवं असतं. रेजिमेंटच्या माजी सैनिक संघटना म्हणूनच लाखमोलाच्या. भेटीगाठी, मदतनिधी, आजारपणात विचारपूस, अंत्यविधीला झेंडा घेऊन हजर राहणं, ही सगळी आठवणच की!

सहांपैकी शेवटचा कोण? जॉन ग्रिमशॉ. तो १९८० पर्यंत होता. म्हणजे लँडिंगनंतर तब्बल ६५ वर्षं!

रविवार म्हणजे परेड!

बरीत एप्रिलमध्ये जायचं झालं तर २५ तारखेच्या जवळचा रविवार गाठा. त्याचं नाव गॅलिपोली संडे. माजी सैनिक पदकं चमकवत, बँडच्या तालावर, शहरातून मार्च करत निघतात. सेंट मेरी चर्चमध्ये प्रार्थना, तिथं रेजिमेंटचे जुने ध्वज. मग स्तंभापाशी पुष्पचक्रं. लढाई तुर्कस्तानात झाली, पण वर्षश्राद्ध बरीतच!

या वेड्या गावावर पुस्तकही आहे. लेखक जेफ्री मूरहाउस, नाव ‘हेल्स फाउंडेशन्स’. हे तेच मूरहाउस, ज्यांनी १९७१ मध्ये ‘कलकत्ता’ हे गाजलेलं पुस्तक लिहिलं. गंगेकाठच्या महानगरावर लिहिणारा लेखक शेवटी आपल्या गावच्या शहिदांकडे वळलाच.

अठरा, अठरा, अठरा!

पहिल्या महायुद्धात लँकेशायर फ्युजिलिअर्सना किती व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले? १८! कुठल्याही पायदळ रेजिमेंटला याहून जास्त मिळाले नाहीत. दुसरा आकडा मात्र छातीत धस्स करतो. त्याच युद्धात तिचे १३ हजारांहून अधिक जण गेले. रेकॉर्डबुकाचं एक पान सोन्याचं, दुसरं काळं.

मूर्ती लहान, बटालियन महान

उंची कमी म्हणून भरतीच्या रांगेतून परत पाठवलेले लोक १९१४ मध्ये भडकले. आम्हालाही लढायचंय! मग निघाल्या ‘बँटम’ बटालियन: पाच फूट तीन इंचांच्या आतल्यांसाठी. लँकेशायर फ्युजिलिअर्सच्या अशा एक नाही, तीन बटालियन होत्या. सतरावी, अठरावी आणि विसावी. कोळशाच्या खाणीत कमावलेले दंड, मग उंची कोण बघतो?

पडद्यावर दिसला आणि...

१९१६ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समधल्या सॉमच्या लढाईवरचा ‘द बॅटल ऑफ द सॉम’ हा माहितीपट थिएटरात लागला. पहिल्या सहा आठवड्यांत सुमारे दोन कोटी तिकिटं विकली गेली! त्यात एका खोलगट वाटेत बसलेली पोरं दिसतात. कुणी कॅमेऱ्याकडे बघतं, कुणी नजर चुकवतं. ती लँकेशायर फ्युजिलिअर्सची पहिली बटालियन, १ जुलै १९१६ ची सकाळ, हल्ल्याच्या आधीची. त्यातले कितीतरी जण लगेचच पडले.

थिएटरात आया-बायका पडद्यावर आपलं माणूस शोधायच्या. आज ही फिल्म युनेस्कोच्या ‘मेमरी ऑफ द वर्ल्ड’ यादीत आहे. फोटो अल्बम म्हणावा तर जगातला सर्वांत मोठा!

हॉबिटचा बाप, सिग्नलचा साहेब

जे. आर. आर. टॉल्किन! ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाले! माहीत आहे का, ते अकराव्या लँकेशायर फ्युजिलिअर्समध्ये सिग्नल ऑफिसर होते? सॉमच्या खंदकात राहिले, उवांमुळे होणाऱ्या ट्रेंच फीव्हरनं आजारी पडले आणि मायदेशी परतले.

त्यांचा जिवलग मित्र जेफ्री स्मिथ त्याच रेजिमेंटच्या एकोणिसाव्या बटालियनमध्ये होता. तो डिसेंबर १९१६ मध्ये गेला. टॉल्किन यांनी काय केलं? मित्राच्या कविता गोळा करून १९१८ मध्ये पुस्तक काढायला हात दिला आणि त्याला प्रस्तावना लिहिली. पुस्तकाचं नाव ‘अ स्प्रिंग हार्वेस्ट’. जगभर नाव कमावण्याआधी टॉल्किन यांनी मित्राचं नाव छापून आणलं. दोस्ती असावी तर अशी!

घराघरातलं भलंमोठं नाणं

पहिल्या महायुद्धात गेलेल्या प्रत्येकाच्या घरी सरकारनं ब्राँझची चकती पाठवली. बारा सेंटिमीटर रुंद. लोकांनी नाव ठेवलं ‘मेलेल्याचा पेनी’. डिझाइनसाठी स्पर्धा झाली, ८०० हून अधिक जण उतरले आणि जिंकला लिव्हरपूलचा शिल्पकार एडवर्ड कार्टर प्रेस्टन. १३ लाखांहून अधिक चकत्या घडल्या. चकतीवर फक्त नाव, हुद्दा नाही. जनरल असो की जवान, पेनी तोच!

दगड सारखा, बिल्ला आपला

हाच समतेचा नियम कबरींनाही लावला. कॉमनवेल्थच्या युद्ध-दफनभूमीत जा. नेहमीचा दगड दोन फूट आठ इंच उंच, एक फूट तीन इंच रुंद. त्यावर रेजिमेंटचा बिल्ला. फ्युजिलिअर ओळखायचा असेल तर पेटलेला ग्रेनेड आणि त्यावर स्फिंक्स शोधा. खाली दोन शब्द लिहायची मुभा घरच्यांना होती. मर्यादा ६६ अक्षरांची. ट्विटरच्या कितीतरी आधी!

अनोळखी शिपायांच्या दगडावर काय लिहायचं, हे कुणी ठरवलं? रुडयार्ड किपलिंग यांनी. मुंबईत, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात जन्मलेले किपलिंग. त्यांचा स्वतःचा मुलगा जॉन १९१५ मध्ये रणात बेपत्ता झाला होता. दुसऱ्यांच्या लेकरांसाठी शब्द शोधणारा हा बाप स्वतःच्या लेकराची कबर शोधत राहिला.

नगर ते कोहिमा, व्हाया टेनिस कोर्ट

दुसऱ्या महायुद्धात लँकेशायर फ्युजिलिअर्सची एक बटालियन ब्रिटिश सेकंड डिव्हिजनसोबत भारतात आली. या डिव्हिजनचा तळ कुठे होता, माहीत आहे का? तेव्हाच्या अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात! तिथून १९४४ मध्ये ती पोचली कोहिमाला.

कोहिमात दोन्ही सैन्यांच्या मध्ये होतं डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याचं टेनिस कोर्ट. एका टोकाला जपानी, दुसऱ्या टोकाला ब्रिटिश-भारतीय आणि मधून बाँबची सर्व्हिस! आज तिथंच दफनभूमी आहे. १४२० कबरी. आणि त्यांच्या मधोमध कोर्टाच्या पांढऱ्या रेषा जपून ठेवल्यात.

त्याच वर्षी पहिली बटालियन चिंडिट बनून ब्रह्मदेशच्या जंगलात शत्रूच्या पाठीमागे उतरली. तिच्या एका तुकडीला नंबर कोणता मिळाला? २०! जुना नंबर जंगलातही साथीला होता.

एक कॅसिनोचा, एक माणगावचा

१६ मे १९४४, इटली, माँटे कॅसिनो. फ्युजिलिअर फ्रँक जेफरसन रणगाडाविरोधी पिआट घेऊन एकटा रणगाड्याच्या २० यार्डांच्या आत गेला आणि त्याचा निकाल लावला. व्हिक्टोरिया क्रॉस!

त्याच इटलीत, जेमतेम दोन महिन्यांनी, १० जुलैला मराठा लाइट इन्फंट्रीचा नाईक यशवंत घाडगे एकटा मशीनगनवर तुटून पडला. त्यालाही व्हिक्टोरिया क्रॉस, मरणोत्तर. रायगड जिल्ह्यातल्या माणगावात त्याचा पुतळा आहे. कोकणात जाताना फक्त मिसळीसाठी थांबू नका, दोन मिनिटं त्याच्यासाठीही थांबा!

शिंगवाला शिपाई

आता जरा हलकंफुलकं. १९६८ मध्ये लँकेशायर फ्युजिलिअर्स आणि आणखी तीन रेजिमेंट मिळून रॉयल रेजिमेंट ऑफ फ्युजिलिअर्स बनली. तारीख निवडली २३ एप्रिल, सेंट जॉर्जचा दिवस. तिचा मॅस्कॉट कोण, माहीत आहे का? काळवीट! आपल्या रेहेकुरीच्या माळावर उड्या मारतं तेच. नाव बॉबी. वॉरविकशायरच्या रेजिमेंटनं एकोणिसाव्या शतकात भारतात असताना काळवीट पाळलं, ती प्रथा नव्या रेजिमेंटला वारशात मिळाली. परेडमध्ये झूल घालून बॉबीसाहेब ऐटीत चालतात!

आता तुमची टर्न!

एवढे किस्से वाचल्यावर एक गोष्ट लख्ख कळते. बरीवाल्यांनी आठवण नुसती मनात ठेवली नाही, तिला कामाला लावलं. खायला लावलं, गायला लावलं, चालायला लावलं, दगडात कोरलं, पुस्तकात छापलं. म्हणून रेजिमेंट गेली तरी माणसं राहिली.

आपल्याकडेही हे करायला भरपूर वाव आहे. पुण्यात असाल तर खडकीच्या युद्ध-दफनभूमीत एक सकाळ काढा. दुसऱ्या महायुद्धातल्या १६०० हून अधिक जणांच्या कबरी तिथं आहेत. दगडांवरचे बिल्ले ओळखायची मुलांशी पैज लावा. साताऱ्याकडे गेलात तर अपशिंगे मिलिटरी या गावात डोकवा. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जण गेले, असं गाव अभिमानानं सांगतं.

आणि तुमच्या गावात चावडीवर, शाळेच्या भिंतीवर, वेशीपाशी एखादी जुनी संगमरवरी पाटी आहे का बघा. ‘या गावातून महायुद्धावर इतके गेले, इतके परतले नाहीत’ अशा अर्थाची. बहुतेक पाट्यांवर नुसते आकडे असतात. तर करा मिशन सुरू! गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला गाठा, आडनावं विचारा, जुन्या पेट्या उघडायला लावा, पदकांचे फोटो काढा, नावांची यादी बनवा आणि येत्या १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर माईकवर खणखणीत आवाजात वाचून दाखवा. आकड्यांची माणसं करायचं हे काम सरकार करणार नाही, गावच करेल. आणि एकदा सुरू केलंत, की दरवर्षी पोरंच तुम्हाला विचारतील, यंदा यादीत नवं नाव कोणतं?